वाचक विचारतात : लकवा, पाठीतली कळ आणि न लागलेली नाडी

मागील अंकात लकव्याविषयी लिहिताना मी ओझरते असे म्हटले होते की, काही थोड्या रुग्णांत लकव्याचे मूळ मेंदूत नसून छातीतल्या महाधमनीत असते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील चार येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची वरुड तालुक्यात संत्र्याची बाग आहे. माझे वडील ६१ वर्षांचे होते. त्यांना सहा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू होती. परंतु आंबिया बहाराच्या तोडीच्या गडबडीत महिनाभर त्यांनी ती आणलीच नव्हती. डिसेंबरमध्ये सकाळी साडेसातच्या सुमारास संत्र्यांनी भरलेला क्रेट उचलताना ते एकदम ओरडले, “माह्या पाठीत काहीतरी चिरलं रे!” आणि धुऱ्यावर बसले. पाच-सात मिनिटांत त्यांचा डावा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले आणि जीभ जड झाली. ग्रामीण रुग्णालयात आम्ही “लकवा मारला” एवढेच सांगितले. १०८ च्या गाडीतून शहरात नेताना त्यांचा हात हलू लागला, पुन्हा पडला. तेथे डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल आला. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनसाठी माझी सहीही झाली होती; पण एका निवासी डॉक्टरांनी ऐनवेळी ते थांबवले. पुढे छातीच्या तपासणीत महाधमनी फाटल्याचे दिसले आणि शस्त्रक्रियेसाठी दुसरीकडे हलवण्याची तयारी चालू असतानाच वडील गेले. इंजेक्शन दिले असते तर माणूस वाचला असता, असे नातेवाईक आजही म्हणतात. डोक्यात काही नव्हते, तर लकवा कसा झाला? आणि इंजेक्शन का थांबवले? सोबत कागदपत्रांची प्रत जोडली आहे.

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याचे ओझे तुमच्या घरावर अजून आहे असे पत्रावरून दिसते. इंजेक्शन थांबवले ते योग्यच झाले. ते दिले असते तर वडील वाचले नसते. बहुधा त्याआधीच गेले असते. असे मी कशाच्या आधारावर म्हणतो ते समजण्यासाठी महाधमनीत नेमके काय घडले ते पाहावे लागेल.

महाधमनी ही हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघणारी शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. ती आधी वर चढते, मानेच्या खाली कमानीसारखी वळते आणि मणक्याच्या कडेने पोटात उतरते. तिच्या भिंतीला तीन थर असतात. सर्वांत आतल्या थराला चीर पडली की दाबाखालचे रक्त त्या चिरेतून मधल्या थरात घुसते आणि थर एकमेकांपासून सोलत पुढे जाते. यालाच डॉक्टर ‘अ‍ॅऑर्टिक डिसेक्शन’ म्हणतात. वाहिनी लगेच आरपार फुटते असे नाही. एकाच नळीत दोन पोकळ्या तयार होतात, एक खरी आणि एक खोटी. खोटी पोकळी फुगली की खरी चेपली जाते आणि महाधमनीतून निघणाऱ्या ज्या ज्या फांदीचे तोंड त्या वाटेवर येते, तिचा पुरवठा तुटतो.

तुमच्या बागेत ठिबक असेलच. एका ओळीतली झाडे एकाएकी माना टाकू लागली, तर तुम्ही झाडांची मुळे उकरत बसत नाही. लॅटरलच्या, म्हणजे ओळीतल्या बारीक नळीच्या, तोंडाशी जाता आणि तेथे पाणी नसेल तर मेन लाइन तपासता. तुमच्या वडिलांचा मेंदू हे कोमेजलेले झाड होते. बिघाड मेन लाइनमध्ये होता.

आता कागदावरचे आकडे पाहा. उजव्या हाताचा रक्तदाब ८८, डाव्या हाताचा १५४, आणि पुढे घाईच्या अक्षरात लिहिले आहे : ‘उजव्या मनगटाची नाडी लागत नाही.’ लकवा मात्र डाव्या बाजूचा होता. वरवर हे उलटे वाटते, पण प्रत्यक्षात सगळे एका सुतात आहे. महाधमनीच्या कमानीवरून पहिली मोठी फांदी निघते, तिचेच पुढे दोन भाग होतात. एक उजव्या हाताला जातो आणि दुसरा मानेच्या उजव्या बाजूने मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला रक्त देतो. मेंदूचा उजवा अर्धा भाग शरीराची डावी बाजू चालवतो. म्हणून त्या एका फांदीचे तोंड दबले की लकवा डावीकडे होतो आणि नाडी उजवीकडे हरवते. या विकारातले मेंदूचे झटके उजव्या अर्ध्या भागात अधिक आढळतात, त्याचे कारण हेच आहे.

आणखी दोन खुणा तुमच्याच पत्रात आहेत. गाडीत हात हलू लागला आणि पुन्हा पडला. सुटलेला थर रक्ताच्या प्रवाहात पडद्यासारखा हलतो, फांदीचे तोंड कधी उघडते, कधी झाकते. दुसरी खूण ८८ या आकड्याची. गुठळीमुळे होणाऱ्या नेहमीच्या झटक्यात सुरुवातीला रक्तदाब बहुधा वाढलेला असतो. लकव्याच्या रुग्णाचा रक्तदाब कमी दिसला तर तेथे थबकले पाहिजे. आपल्याकडे लुळा हात सोडून चांगल्या हाताला पट्टा बांधण्याची सवय आहे आणि बहुतेक वेळा त्यात काही बिघडत नाही. येथे मात्र तो आकडा फसवा होता, आणि दोन्ही हात मोजले म्हणूनच फसवणूक उघडी पडली. दोन हातांत २० पेक्षा जास्त फरक आला, तर तो यंत्राचा दोष समजून सोडून देऊ नये.

डोक्याच्या सीटी स्कॅनविषयी गैरसमज फार आहे. झटक्यानंतर पहिल्या काही तासांत तो बहुधा मेंदूत रक्तस्राव झालेला नाही एवढे पाहण्यासाठी काढतात. रक्त न मिळालेल्या भागातले बदल त्यात उमटायला वेळ लागतो. म्हणून ‘नॉर्मल’ म्हणजे ‘डोक्याला काही झाले नाही’ असा अर्थ होत नाही. नेहमीच्या झटक्यात असा स्कॅन आल्यावर साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतात आणि त्याने अनेक माणसे आपल्या पायांवर घरी जातात. परंतु जेथे वाहिनीची भिंतच सोललेली आहे, तेथे गोठून अडसर झालेले रक्तही हे औषध पातळ करते. चिरेतून निघालेले रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचले की हृदय आवळले जाते आणि काही मिनिटांत सगळे संपते. त्या निवासी डॉक्टरांनी सही झालेला कागद बाजूला ठेवून दुसऱ्या मनगटाला हात लावला. माझ्या मते त्या दिवसातले सर्वांत चांगले वैद्यकीय काम तेच होते.

मग वडील वाचू शकले असते का? महाधमनीच्या वर चढणाऱ्या भागात चीर असेल, तर शस्त्रक्रियेवाचून पहिल्या दोन दिवसांत दर तासाला साधारण एक ते दोन टक्के रुग्ण दगावतात, असे वैद्यकातले जुने गणित आहे. शस्त्रक्रिया हाच उपाय, आणि ती करणारे हृदयशल्यविशारद, कृत्रिम हृदय-फुप्फुस यंत्र आणि रक्तपेढी ही सगळी एका ठिकाणी असणारी रुग्णालये तुमच्या तालुक्यापासून बरीच दूर आहेत. तेव्हा वेळ गेला तो अंतराचा होता. त्याचा दोष तुम्ही स्वतःकडे घेऊ नये.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, आणि ती तुमच्याइतकीच माझ्यासारख्यांसाठी आहे. ग्रामीण रुग्णालयात तुम्ही “लकवा मारला” असे सांगितले. ते खरेच होते. पण ती दुसरी घटना होती. पहिली घटना म्हणजे पाठीतली कळ. वडिलांची जीभ जड झाल्यावर ते वाक्य सांगणारे तुम्ही एकटेच उरला होता आणि ते तुम्हाला कोणी विचारले नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका ग्रामीण रुग्णालयात मी हीच चूक केली आहे. तोंड वाकडे झालेल्या एका गृहस्थांना मी तपासले, ॲस्पिरिन चघळायला दिली आणि पुढे पाठवले. गाडीत चढता चढता त्यांची पत्नी म्हणाली, “सकाळी छाती धरून बसले होते जी, पण मंग ते थांबलं.” मी विचारले असते तर ते मला अर्ध्या तासापूर्वीच कळले असते.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाधमनीच्या वरच्या भागात चीर पडलेले १०२ रुग्ण होते आणि त्यांपैकी ३० जणांचा आजार मेंदूच्या किंवा मज्जातंतूंच्या लक्षणांनीच सुरू झाला होता. त्या ३० जणांतल्या सुमारे एक तृतीयांश लोकांनी छातीत दुखल्याचे सांगितलेच नाही. कोणाला खरोखरच दुखले नसेल. कोणी बेशुद्ध होता, कोणाची वाचा गेली होती. म्हणून दुखण्याची चौकशी रुग्णाबरोबरच त्याच्या सोबत आलेल्या माणसाकडेही करावी लागते.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यात आशा कार्यकर्ती आहे. पावसाळ्यात आमच्या गावातील ५५ वर्षांच्या एका बाईंच्या पोटात व पाठीत पहाटे जोराची कळ आली आणि लगेच दोन्ही पाय गेले. त्या जमिनीवर झोपल्या होत्या, म्हणून सगळ्यांना मण्यार चावल्याचा संशय आला. एका म्हाताऱ्यांनी लाखोळीच्या डाळीचे कारण काढले. पुढे मोठ्या रुग्णालयात महाधमनीचा विकार निघाला. बाई आज काठी धरून चालतात. आम्ही गावात हे ओळखावे कसे?

उत्तर : आधी हे सांगतो की तुमच्या गावाने मण्याराचा संशय घेतला तो चूक नव्हता. पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी आणि मग अंग लुळे पडणे, हे मण्यारदंशाचे अगदी नेहमीचे चित्र आहे. त्याच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. विदर्भातल्या खेड्यात अशा वेळी साप आधी आणि महाधमनी नंतर, हाच क्रम बरोबर आहे. संशय खरा वाटत असेल तर सर्पदंशाचे उपचार दुसऱ्या तपासणीसाठी अडवून धरू नयेत.

तरीही दोन्हींत फरक दिसतो, आणि तो उपकरणांवाचून दिसतो. मण्याराचे विष वरून खाली उतरते. आधी दोन्ही पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसते, थुंकी गिळता येत नाही, मग मान पडते आणि हातपाय जातात. पण कातडीला स्पर्श कळत राहतो. तुमच्या बाईंच्या बाबतीत डोळे उघडे, बोलणे स्पष्ट आणि हात चांगले होते असे तुम्ही पत्रात पुढे लिहिले आहे. फक्त कमरेखालचे अंग गेले होते आणि लघवी तुंबली होती. हे विष नव्हे. मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटला होता.

मज्जारज्जूच्या खालच्या भागाला रक्त देणारी एक मुख्य धमनी असते. ती बहुतेकांत छातीच्या शेवटच्या मणक्यांच्या आसपास आणि बहुधा डाव्या बाजूने आत शिरते. आडामकीविच या शास्त्रज्ञाचे नाव तिला आहे. महाधमनीचे थर सुटत तेथपर्यंत पोचले की तिचे तोंड बंद होते. तेव्हा मज्जारज्जूचा पुढचा भाग उपाशी राहतो आणि मागचा बहुधा वाचतो, कारण त्याला वेगळ्या वाहिन्या आहेत. त्यातून एक विलक्षण गोष्ट घडते : रुग्णाला पायावर टाचणी टोचलेली कळत नाही, थंड-गरम कळत नाही, पण डोळे मिटायला सांगून अंगठा वर किंवा खाली केला तर तो नेमका सांगतो. तालुक्याच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी ही तपासणी केली असेल तर तिला दोन मिनिटे लागली असतील.

तुम्हाला स्वतःला करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे दोन्ही पावलांना हात लावून पाहणे. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार आणि पांढुरके वाटले, जांघेतला ठोका एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला लागला नाही, तर १०८ च्या डॉक्टरांना तेवढेच शब्द सांगा. काही वेळा मज्जारज्जू शाबूत असतो आणि पायाच्याच धमनीचे तोंड बंद झाल्याने तेथील नसा बधिर होतात. तेव्हा एकच पाय जातो, दुखतो आणि गार पडतो. अशा रुग्णाला ‘सायटिका’ म्हणून शेकायला सांगितल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

लाखोळीविषयी थोडक्यात. भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या माणसांना तो आजार ठाऊक आहे, म्हणून त्यांना तो आठवणे साहजिक आहे. परंतु लाखोळीच्या डाळीने येणारी अधूता महिनोन्‌महिने मुख्यतः तीच डाळ खाल्ल्यावर येते, पाय ताठ होतात, लुळे पडत नाहीत, आणि कळ वगैरे काही येत नाही. पहाटे एका क्षणात पाय गेले तर लाखोळी निर्दोष आहे.

बाई चालू लागल्या हे त्यांचे भाग्य, आणि त्यांच्या डॉक्टरांचे कौशल्यही. या विकारात एरवी नाडी ६० च्या आत आणि वरचा रक्तदाब १०० ते १२० च्या दरम्यान ठेवतात, म्हणजे चिरेवर ताण येत नाही. पण मज्जारज्जू उपाशी असताना त्याला रक्त पोचावे म्हणून दाब थोडा वाढवावासा वाटतो. काही ठिकाणी पाठीतून नळी घालून मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढून त्याच्यावरचा दाब हलका करतात. वाहिनी जपायची की मज्जारज्जू, हा तोल तासातासाला सांभाळावा लागतो.

प्रश्न : मी वाशीम जिल्ह्यातील भजनी मंडळात गातो. वय ५२. दोन महिन्यांपासून आवाज बसला आहे. मोबाइलवर वाचले की आवाज बसणे हे महाधमनी फाटण्याचे लक्षण असू शकते. तेव्हापासून झोप नाही.

उत्तर : वाचलेत ते खरे आहे; तुम्हाला मात्र ते बहुधा लागू नाही. स्वरयंत्राची डावी नस मानेतून सरळ न जाता छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर येते. कमान फुगली की ही नस ताणली जाते आणि आवाज घोगरा होतो. तशीच मानेकडे जाणारी दुसरी एक नससाखळी दबली तर एकाच डोळ्याची पापणी किंचित उतरते आणि त्याच डोळ्याची बाहुली बारीक होते. ही लक्षणे दुर्मीळ आहेत, आणि थर नुकतेच सुटले असतील तर सोबत बहुधा दुखणेही असते.

तुमच्या पत्राच्या शेवटी ‘खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) दिवसाला चार-पाच’ असे लिहिले आहे. माझी काळजी तेथे आहे. तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेल्या आवाजासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र दुर्बिणीतून पाहून घ्यावे, आणि खर्रा खाणाऱ्याने तर त्यात एक दिवसही दवडू नये. छातीचा एक्स-रे ते सांगतीलच. त्यात कमानीचीही कल्पना येते.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ३४ व्या वर्षी शाळेच्या मैदानावर चक्कर येऊन पडला, त्याला आकडीसारखे झटके आले आणि दोन दिवसांनी तो गेला. अहवालात ‘अ‍ॅऑर्टिक डिसेक्शन’ आहे. तो फार उंच व सडपातळ होता, बोटे लांबसडक होती. माझीही अंगकाठी तशीच आहे. मी दारव्हा तालुक्यात शिक्षिका आहे. मी काय करावे?

उत्तर : भावाच्या बाबतीत घडले ते अपस्मार नव्हते. हृदयाभोवती रक्त साचून किंवा मानेच्या वाहिन्या दबून मेंदूचा पुरवठा काही सेकंद तुटला की माणूस कोसळतो आणि हातपाय झटकतो. पाहणाऱ्याला ती आकडीच वाटते. काहींना शुद्ध येते आणि मधल्या दोन-चार तासांचे काहीच आठवत नाही, इतकेच लक्षण असते.

तुम्ही वर्णन केलेली अंगकाठी मारफान सिंड्रोम या आनुवंशिक विकारात दिसते. त्यात महाधमनीच्या भिंतीतले तंतूच कच्चे असतात. म्हणूनच एरवी साठीच्या आसपासच्या, रक्तदाबाच्या रुग्णांना गाठणारा हा आजार तिशीतल्या माणसाला गाठतो. तुम्हाला तो विकार आहे असे मी पत्रावरून म्हणणार नाही. परंतु सख्ख्या भावाचा असा मृत्यू झाला असताना तुमची, आई-वडिलांची, इतर भावंडांची आणि मुलांची तपासणी व्हायलाच हवी, मग अंगकाठी कशीही असो. तपासणी होईपर्यंत गर्भधारणेचा विचार पुढे ढकलावा, कारण त्या काळात या वाहिनीवरचा ताण वाढतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीची प्रतिजैविके औषधाच्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. महाधमनी कच्ची असलेल्यांना त्यांच्यापासून धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे.

या आजाराचे नाव ऐकल्यावर हात टेकू नयेत, म्हणून एक हकिगत सांगतो. महाधमनीच्या या विकारावरील शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात ज्यांनी रूढ केली, ते अमेरिकी शल्यविशारद मायकेल डिबेकी यांना ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, स्वतःलाच हा विकार झाला. २००६ च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ते त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ जगले. तुमच्याबाबतीत तर, दोष असलाच तर, तो चीर पडण्यापूर्वी सापडण्याची संधी आहे.

पहिली तपासणी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची. ती जिल्ह्याच्या ठिकाणी होते आणि तिच्यात सुई टोचत नाहीत. हृदयाचे पंपिंग पाहून ‘नॉर्मल’ लिहिलेला अहवाल तुमच्या कामाचा नाही. चिठ्ठीवर ‘महाधमनीच्या मुळाचा व्यास मोजावा’ असे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे, भावाच्या अहवालाची प्रत सोबत न्यावी, आणि मिलिमीटरमधला तो आकडा तुमच्या अहवालात आला आहे की नाही, ते खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी पाहून घ्यावे. तो साधारण ४० च्या आत असावा.